रेल्वेचाक-मापन

रेल्वेच्या चाकांचा आकार, झीज व दोष अचूक मोजून ती धावण्यास योग्य आहेत की नाहीत हे ठरवण्याचे तंत्र. चाक रुळाला जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते आणि त्यावर काही टनांचा भार येतो. त्यामुळे चाकाची झीज अटळ असते. ती मर्यादेत आहे ना, एवढे सतत पाहावे लागते.

मोजायची मापे : चाकाचा रुळावर फिरणारा पृष्ठभाग (ट्रेड) किंचित उतरता असतो आणि आतल्या बाजूची उंच कड (फ्लँज) चाकाला रुळावरून उतरू देत नाही. कडेची उंची व जाडी, ट्रेडचा व्यास आणि एकाच आसावरील दोन चाकांच्या आतील बाजूंमधले अंतर ही मुख्य मापे होत. भारतातील १,६७६ मिमी. रुंदीच्या मार्गावर हे अंतर १,६०० मिमी. ठेवतात. चाकाची आतली सपाट बाजू रुळाला घासत नाही, म्हणून तिच्यापासून मापे घेतली जातात. भारतात तिच्यापासून ६३.५ मिमी. अंतरावरील, तर युरोपात ७० मिमी. अंतरावरील ट्रेडचा बिंदू प्रमाण धरतात. चाक झिजले की कडेची उंची कमी न होता वाढते, कारण ट्रेड खाली जातो आणि कडेचा माथा तसाच राहतो. नव्या चाकावर २८.५ मिमी. असलेली ही उंची ३५ मिमी.पलीकडे गेली, की भारतीय रेल्वेत ते चाक सेवेतून काढावे लागते.

हातातील साधने : ठरावीक आकाराची पोलादी पट्टी (गेज) चाकाला लावून फट पाहणे ही जुनी व अजूनही रूढ पद्धत. तिच्यातून चाक मर्यादेत आहे की नाही एवढे कळते. झीज कोणत्या गतीने होते आहे ते कळत नाही. अंकीय कॅलिपर व लेसर उपकरणे चाकाचा संपूर्ण छेद नोंदवतात, त्यामुळे त्याच चाकाच्या जुन्या नोंदींशी तुलना करता येते.

व्यासाचे मापन : उभ्या गाडीखाली चाकाचा पूर्ण परीघ हाती लागत नाही, म्हणून कमानीच्या एका तुकड्यावरून व्यास काढतात. ९१५ मिमी. व्यासाच्या चाकावर २०० मिमी. लांबीची जीवा घेतली, तर कमानीची उंची सुमारे ११ मिमी. येते. ती मोजताना ०.०१ मिमी. चूक झाली, तरी व्यासात सुमारे ०.८ मिमी. फरक पडतो. एकाच आसावरील दोन चाकांच्या व्यासांत लेथवर कातल्यानंतर ०.५ मिमी.पेक्षा जास्त फरक चालत नाही. यावरून उपकरण किती काटेकोर हवे याची कल्पना येते.

धावत्या गाडीचे मापन : रुळालगत बसवलेला लेसर चाकावर प्रकाशाची रेघ टाकतो, कॅमेरा ती तिरक्या कोनातून टिपतो आणि रेघेच्या वळणावरून त्रिकोणमितीने छेद काढला जातो. धूळ, पाणी, ग्रीस आणि चाकाची चमक यांमुळे माप चुकू शकते. म्हणून ज्ञात मापाच्या नमुन्यावर यंत्र वरचेवर पडताळावे लागते.

ब्रेक लागून चाक घसटल्यास त्यावर सपाट चट्टा पडतो. ९१५ मिमी. व्यासाच्या चाकावर ५० मिमी. लांबीच्या चट्ट्याची खोली ०.७ मिमी.हून कमीच असते, पण ताशी १०० किमी. वेगाने तो सेकंदाला नऊ-दहा वेळा रुळावर आदळतो. हे आघात मोजण्यासाठी रुळावर ताणमापक (स्ट्रेन गेज) बसवतात. भारतीय रेल्वेत ही यंत्रणा ‘वाइल्ड’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

अंतर्गत दोष : बाह्य मापे मर्यादेत असली, तरी चाक निर्दोष असतेच असे नाही. ३ जून १९९८ रोजी जर्मनीतील एशेडे येथे आयसीई या वेगवान गाडीच्या चाकावरील टायर (बाहेरचे पोलादी वलय) तुटून झालेल्या अपघातात १०१ जण मृत्युमुखी पडले. टायरचा मूळ व्यास ९२० मिमी. होता, किमान मर्यादा ८५४ मिमी. होती आणि तुटलेल्या टायरचा व्यास ८६२ मिमी. होता. म्हणजे तो मर्यादेत बसत होता. भेग मात्र टायरच्या आतल्या बाजूने वाढत गेली होती. अशा भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) तपासणी, तर पृष्ठभागावरील भेगांसाठी चुंबकीय कण चाचणी वापरतात. बंगळुरूजवळील येलहंका येथील कारखान्यात ओतलेली चाके या दोन्ही चाचण्यांतून जातात.

दुरुस्ती : झिजलेले चाक लेथवर कातून त्याला पुन्हा मूळ आकार देतात. डब्याखालून चाक न काढता हे काम करणारे लेथ जमिनीखालच्या खड्ड्यात बसवलेले असतात. कडेची गेलेली जाडी परत मिळवायची, तर ट्रेडवरून कितीतरी जास्त धातू काढावा लागतो आणि चाकाचे आयुष्य घटते. म्हणून भारतीय रेल्वेत मूळ जाडीऐवजी थोड्या कमी जाडीच्या मधल्या आकारांपर्यंतच कातण्याची मुभा आहे. नेमके किती कातायचे हे अचूक मापावरूनच ठरते.