विल्सन, जॉन

विल्सन, जॉन : (११ डिसेंबर १८०४–१ डिसेंबर १८७५). स्कॉटिश प्रेसबिटेरियन पाद्री, प्राच्यविद्यापंडित व ग्रंथकार. जन्म स्कॉटलंडमधील लॉडरचा, शिक्षण एडिंबरो विद्यापीठात. पत्नी मार्गारेट यांच्यासह १८२९ मध्ये ते मुंबईला आले आणि कोकणात राहून मराठी शिकले. मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या. विल्सन यांच्या १८३२ मधील शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले.

वादाला ते कधी मागे हटले नाहीत. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद रंगला. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा मुंबईत गहजब होऊन प्रकरण कोर्टात गेले. पारशी धर्मावरचा त्यांचा ग्रंथ (१८४३) खंडनासाठीच लिहिलेला, पण त्यामागचा व्यासंग नाकारता येत नाही. ख्रिस्ती प्रसारकार्यावर त्यांनी ‘द इव्हँजलायझेशन ऑफ इंडिया’ (१८४९) लिहिला.

आजच्या पालघर जिल्ह्याच्या अभ्यासकाने मात्र आधी उघडावा तो त्यांचा उत्तर कोकणातील वारली आणि काथोडी या आदिवासी जमातींवरचा लेख. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो १८४३ मध्ये छापून आला. खैरापासून काथ पाडणारे ते काथोडी, अशी ओळख त्यात आहे. वारल्यांचा भाग थेट प्रश्नोत्तरांतून उलगडतो. देव कोणता, या प्रश्नाला उत्तर मिळते : वाघ्या, शेंदूर फासलेला अनघड दगड. त्याला कोंबडी, बकरा, नारळ चढवायचा; त्याने वाघापासून राखायचे, पीक द्यायचे. देवावर कधी रागावता का, असेही पाद्रीसाहेब विचारतात. रागावतो तर! कोंबडी दिली, बकरा दिला, तरी छळतोस, आणखी काय हवे, असा वारली देवाला जाब विचारतो. प्रश्न उलटतपासणीचे आहेत, उत्तरे देणारा मात्र जराही बुजलेला नाही. धर्मप्रसारकाच्या वहीत वारली माणसाचा असा रोखठोक सूर टिकून राहिला, हे नवलच.

स्कॉटलंडमधील चर्च १८४३ मध्ये दुभंगल्यावर विल्सन फ्री चर्चकडे गेले आणि १८७० मध्ये त्याच्या महासभेचे अध्यक्ष झाले. त्याआधी, १८६८ मध्ये, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांच्याकडे आले होते. मुंबईतच त्यांचे निधन झाले. जातिसंस्थेवरचा त्यांचा ‘इंडियन कास्ट’ हा ग्रंथ १८७७ मध्ये, मरणोत्तर निघाला.