वळिवडे येथील पोलिश निर्वासित छावणी

कोल्हापूरजवळ १९४३ ते १९४८ या काळात वसलेली, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या पोलिश लोकांची ही सर्वांत मोठी वस्ती. रहिवाशांत बायकामुलेच अधिक होती. बरेचसे कर्ते पुरुष सैन्यात होते किंवा सोव्हिएत मुलखातून परतलेच नव्हते.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर सुटलेल्यांपैकी काहीजण इराणमार्गे कराचीला आणि तेथून कोल्हापूर संस्थानात पोचले. खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकारवर होता. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती व कौलारू छपरे असलेल्या लांबलचक बराकींत शाळा, दवाखाना, अनाथाश्रम, नाट्यगृह असे सगळे उभे राहिले.

छावणीचे चर्च हे केवळ प्रार्थनास्थळ नव्हते. जिथे देवाचे नाव उघडपणे घेण्याची सोय नव्हती अशा मुलखातून आलेल्या मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद येथे झाला, नाताळ येथे झाला आणि दगावलेल्यांचे अंत्यविधीही. विस्कटलेल्या कुटुंबांना गावपण पुन्हा मिळाले ते मुख्यतः इथे आणि शाळेत. युद्धकाळातील मदतकार्याच्या नोंदींत रेशन आणि कपडे मोजले जातात. हे काम मोजले जात नाही, म्हणून त्याचा उल्लेख आवर्जून करावा लागतो.

अनाथ मुलांच्या बाबतीत एका धर्मगुरूने फार मोठी जबाबदारी पत्करली. फादर फ्रान्तिशेक प्लुता हे जामनगरजवळच्या बालाचडी येथील पोलिश बालछावणीचे प्रमुख होते. युद्ध संपल्यावर मुलांना कम्युनिस्ट पोलंडमध्ये परत धाडण्याचा दबाव आला, तेव्हा नवानगर (जामनगर) संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी, एक ब्रिटिश अधिकारी आणि स्वतः प्लुता यांनी मुलांचे कायदेशीर पालकत्व घेतले. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील मुले वळिवड्यात आली. पुढे प्लुतांनी काहींना अमेरिकेत नेले.

१९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढली आणि छावणीचा आधारच गेला. खर्च आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेला. रहिवासी ब्रिटन व इतर देशांत पांगले. थोडेच पोलंडला परतले. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला कृतज्ञतेचा स्तंभ असून वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.