मधल्या गड्याची पारख

1990 सालची गोष्ट. टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजातून आलेला जॉन रँडल नावाचा खेळाडू मिनेसोटा वायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल संघाच्या वजनकाट्यासमोर उभा होता. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, बारा फेऱ्या झाल्या, पण एकाही संघाने त्याचं नाव पुकारलं नव्हतं. वायकिंग्जची अट एकच होती: वजन 250 पौंड, म्हणजे साधारण 113 किलो, भरलं पाहिजे. रँडल थोडक्यात कमी पडत होता. त्याने कपड्यांच्या आत एक जड साखळी गुंडाळली आणि तो काट्यावर चढला. करार झाला. पुढच्या चौदा मोसमांत त्याने 137.5 सॅक नोंदवले आणि 2010 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

रँडल ज्या जागी खेळायचा तिला डिफेन्सिव्ह टॅकल म्हणतात. बचाव करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीत, अगदी मधोमध, हात जमिनीला टेकवून हा गडी दबा धरतो. त्याच्यासमोर सेंटर आणि गार्ड हे धिप्पाड राखणदार. चेंडू सेंटरच्या पायांतून मागे गेला रे गेला की झुंज सुरू. कधी दोघांचा रेटा अंगावर घेऊन जागा धरून ठेवायची, म्हणजे मागच्या साथीदारांना धावणाऱ्याला पकडायला मोकळीक मिळते. कधी दोघांमधल्या फटीतून घुसून क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला आडवं करायचं. त्यालाच सॅक म्हणतात. सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा, तोही देहांच्या गर्दीत. प्रेक्षकांची नजर चेंडूमागे पळते, आकडेवारीही बहुतेक चेंडूचीच असते. कॉलेजातला कोणता टॅकल व्यावसायिक मैदानावर टिकेल हे ओळखणं म्हणूनच या खेळातल्या पारख्यांचं सर्वांत कठीण काम राहिलं आहे. या कामाचा नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला तर पारख चुकली ती बहुतेक वेळा मापाच्या हट्टामुळे. आणि जमली तिथे कोणीतरी आडगावच्या मैदानापर्यंत जाऊन आपल्या डोळ्यांनी खेळ पाहिलेला होता.

सुरुवातीला तर पारखच नव्हती. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या संघाला चांगले खेळाडू मिळत नव्हते, कारण श्रीमंत संघ ते आधीच उचलत. सगळ्यात दुबळ्या संघाने आधी निवड करावी, ही त्यांची सूचना इतर मालकांनी मान्य केली आणि 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. फळ्यावर 90 नावं लिहिली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत त्यांतली 81 उचलली. पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, कोणाकडेच नव्हता. न्यूयॉर्क जायंट्सचा तरुण वेलिंग्टन मारा बाहेरगावची वर्तमानपत्रं आणि कॉलेज फुटबॉलची मासिकं मागवून नावं टिपत असे, आणि त्या काळी तेवढी तयारीही इतरांपेक्षा वरचढ ठरायची. पहिल्या क्रमांकावर निवडलेला जे बर्वांगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

वर्तमानपत्रं वाचून धावणारा किंवा चेंडू फेकणारा सापडू शकतो. मधल्या फळीतला गडी नाही. त्याचं नाव बातमीत येतंच कुठे?

हे पहिल्यांदा ओळखलं ते लॉस एंजेलिस रॅम्सचे मालक डॅन रीव्हज यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी एडी कोटल या माणसाला पूर्ण वेळ खेळाडू हेरण्याच्या कामावर ठेवलं. कोटल छोट्या कॉलेजांत, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत, लष्करी तळांवर हिंडला. याच वाटेने रॅम्सना 1953 मध्ये जीन ‘बिग डॅडी’ लिप्सकॉम्ब मिळाला. साडेसहा फूट उंची, 280 पौंडांच्या पुढे वजन, आणि कॉलेजचं तोंडही न पाहिलेला. मरीन सैनिकांच्या कॅम्प पेंडलटन तळावर तो फुटबॉल खेळत होता. पुढे बाल्टिमोर कोल्ट्सच्या 1958 आणि 1959 च्या विजेतेपदांत तो फळीच्या मध्यावर उभा होता.

पुढचं पाऊल टाकणारा माणूस भारतीय होता, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. अलीगढला शिकलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी साठच्या दशकात कॅलिफोर्नियात आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करत होते. डॅलस काउबॉइज या नव्या संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांना वाटायचं, की स्काउटचे अहवाल म्हणजे आवडीनिवडींची खिचडी असते. एकाचा ‘चांगला’ म्हणजे दुसऱ्याचा ‘बरा’. कुरेशींना क्रिकेट माहीत होतं, अमेरिकन फुटबॉल नव्हतं, आणि नेमकं तेच कामी आलं. कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरता, हे त्यांनी प्रशिक्षकांना विचारून विचारून घट्ट करून घेतलं. शेकडो गुणांची यादी गाळत गाळत ते पाच गुणांवर आले: स्वभाव, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, चुरस, बुद्धीची तत्परता, आणि ताकदीचा एकदम होणारा स्फोट. स्काउटने प्रत्येक गुणाला मोजून आकडा द्यायचा आणि बाकीचा हिशेब यंत्राने करायचा.

या यादीत उंची-वजनाचा गुण वेगळा नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे. संगणकाचा पहिला मोठा उपयोग माणसाची नजर बाजूला सारायला झाला नाही, ती नजर एका भाषेत बोलावी म्हणून झाला. आज या खेळातला प्रत्येक संघ ज्या रीतीने खेळाडूंना गुण देतो, तिच्या मुळाशी कुरेशींचं हे काम आहे, आणि त्याचा गौरव व्हायला हवा तितका झालेला नाही.

पिट्सबर्गमध्ये मात्र संगणकाआधी एका संपादकाची गरज होती. बिल नन हे ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक. दर वर्षी कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ ते जाहीर करायचे. पिट्सबर्ग स्टीलर्स या फुटबॉल संघाचं कार्यालय त्याच गावात होतं, पण त्यांच्याकडून कोणी कधी विचारायला आलं नव्हतं, आणि नन यांनी ही नाराजी मालकांच्या कानावर घालायला कमी केलं नाही. मालक घराण्यातल्या डॅन रूनी यांनी त्यांना बोलावून घेतलं. 1967 मध्ये अर्धवेळ आणि 1969 पासून पूर्ण वेळ नन स्टीलर्सचे स्काउट झाले. बसने, मोटारीने दक्षिणेतल्या ज्या मैदानांवर ते वर्षानुवर्षं जात होते, तिथल्या प्रशिक्षकांशी त्यांचा घरोबा होता. 1969 मध्ये आर्कान्सातून एल. सी. ग्रीनवुड दहाव्या फेरीत आला, 1971 मध्ये टेक्सास सदर्नमधून टॅकल अर्नी होम्स आठव्या फेरीत.

1969 च्या पहिल्या फेरीत याच संघाने नॉर्थ टेक्सासच्या जो ग्रीनला चौथ्या क्रमांकावर निवडलं तेव्हा पिट्सबर्गकरांनी विचारलं होतं, हा कोण? त्या मोसमात संघ चौदापैकी तेरा सामने हरला, तरीही बचावातला सर्वोत्तम नवोदित ग्रीनच ठरला. 1974 मध्ये तो समोरच्या सेंटर आणि गार्डच्या फटीत सरळ न बसता तिरका बसू लागला आणि दोघांचंही गणित बिघडलं. त्या मोसमापासून सहा वर्षांत स्टीलर्सनी चार सुपर बोल जिंकले. नन यांना हॉल ऑफ फेमने 2021 मध्ये स्वीकारलं, त्यांच्या मृत्यूनंतर.

कुस्तीवर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकाला या इतिहासातला कर्ली कल्प सर्वांत जवळचा वाटेल. 1967 मध्ये तो कॉलेज कुस्तीतला हेवीवेट विजेता होता. डेन्व्हरने 1968 मध्ये त्याला निवडलं, पण उंची बेताची म्हणून आक्रमणाच्या बाजूला गार्ड करायचं ठरवलं, आणि शेवटी कॅन्सस सिटीला देऊन टाकलं. 11 जानेवारी 1970 च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीने कल्प आणि अवाढव्य बक ब्युकॅनन यांना आळीपाळीने वायकिंग्जच्या हलक्या सेंटरच्या थेट डोक्यावर बसवलं. वायकिंग्जना धावायला जागाच उरली नाही आणि सामना 23–7 असा संपला. तालमीत ज्याने कंबर खाली ठेवायची सवय लावून घेतली, त्याला समोरच्याच्या छातीखाली शिरता येतं. डेन्व्हरने उंची पाहिली, कंबर पाहिली नाही.

कल्प पुढे ह्यूस्टनला गेला तिथे त्याला बम फिलिप्स हे प्रशिक्षक भेटले. बचाव फळीतला गडी समोरच्याच्या नेमका कुठे बसतो हे सांगायला आकडे वापरायची रीत फिलिप्स यांच्या नावावर जमा आहे. सेंटरच्या तोंडासमोर शून्य, गार्डच्या तोंडासमोर दोन, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन. या आकड्यांनी पारख्यांचं काम बदललं. टॅकल ही एक जागा उरली नाही. शून्य-एकवर बसणारा डोंगर वेगळा आणि तीनवर बसून फट फोडणारा वेगळा. नव्वदच्या दशकात टॅम्पा बे संघाने वॉरन सॅपला याच तीनच्या जागेवर मोकळं सोडलं आणि तो 96.5 सॅक घेऊन निवृत्त झाला. तेव्हापासून प्रत्येक संघ दुसरा सॅप शोधू लागला.

खेळाडूंचा शोध सोपा व्हावा म्हणून त्याआधीच, 1982 मध्ये, टॅम्पात सामाईक चाचणी शिबिर सुरू झालं होतं. 1987 पासून ते इंडियानापोलिसला भरतं आणि कम्बाइन म्हणून ओळखलं जातं. 40 यार्डांची धाव, उभी उडी, 225 पौंडांचा दांडा छातीवरून किती वेळा उचलता हे सगळं तिथे मोजतात. 1999 मध्ये ईस्टर्न केंटकीच्या जस्टिन अर्नेस्टने तो दांडा 51 वेळा उचलला. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नाही आणि मुख्य मोसमातला एकही सामना तो खेळला नाही. पाठीवर पडून दांडा ढकलणं आणि पायांवर उभं राहून माणूस ढकलणं यांत काय फरक आहे, ते त्या एका नावात समजतं.

शिबिराच्या पहिल्या दशकांत टॅकलचा भाव मात्र चांगलाच वधारला. 1991 मध्ये रसेल मेरिलँड, 1992 मध्ये स्टीव्ह एम्टमन, 1994 मध्ये डॅन विल्किन्सन असे चार वर्षांत तीन टॅकल पहिल्या क्रमांकावर गेले. मेरिलँडने तीन सुपर बोल जिंकले, एम्टमनची कारकीर्द दुखापतींनी खाल्ली, विल्किन्सन बरीच वर्षं खेळला पण त्याच्याकडून जी आशा होती ती पुरी झाली नाही. त्यानंतर 2025 पर्यंत एकही डिफेन्सिव्ह टॅकल पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला नाही.

मग आला ॲरन डोनाल्ड. पिट्सबर्ग विद्यापीठात 2013 च्या मोसमात त्याने 11 सॅक केले, चेंडू पुढे सरकायच्या आतच 28.5 वेळा समोरच्याला आडवं केलं आणि चार मोठे पुरस्कार घेतले. जानेवारी 2014 मध्ये मोबाइल गावी सीनियर बोल या कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंच्या सामन्याच्या सरावात एकास एक झुंजीत गार्ड त्याच्यापुढे हतबल झाले. कम्बाइनमध्ये 285 पौंडांचा हा माणूस 40 यार्ड 4.68 सेकंदांत धावला. सगळे आकडे त्याच्या बाजूने होते, एक सोडून: उंची सहा फूट पाऊण इंच. रॅम्सनी त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्याआधी बारा नावं पुकारली गेली. बचावातला सर्वोत्तम खेळाडू हा किताब डोनाल्डने तीनदा जिंकला, 2018 मध्ये एका मोसमात 20.5 सॅक केले आणि 111 सॅकनंतर 2024 मध्ये निवृत्ती घेतली. डोनाल्डच्या निवडीच्या चार वर्षं आधी, 2010 मध्ये, अशाच बांध्याचा जिनो ॲटकिन्स 120व्या क्रमांकापर्यंत घसरला होता, आणि तो पुढे आठ वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. ॲटकिन्सचा धडा समोर असताना डोनाल्डच्या बाबतीत इतकी काचकूच व्हावी, याचं आश्चर्य वाटतं.

खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधून खेळायच्या फॅन्टसी फुटबॉलमध्येही पारखीचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. 1962 मध्ये ओकलंड रेडर्सचे भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात मित्रांबरोबर या खेळाचे नियम लिहिले, आणि त्यांच्या मूळ यादीत बचाव फळीतल्या गड्यांनाही जागा होती. पुढे बहुतेकांनी संपूर्ण बचावाला एकच गठ्ठा मानायला सुरुवात केली. आता एकेका बचावपटूला निवडण्याच्या स्पर्धा पुन्हा जोरात आहेत. मुंबईत 2008 साली सुरू झालेल्या ड्रीम11 मुळे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मोजण्याची ही कल्पना मराठी वाचकालाही नवी नाही, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्यांना ऑफिसातल्या स्पर्धेचं आवतण येतंच.

अशा स्पर्धेत उतरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. गुण मिळतात सॅकचे आणि चेंडूवाल्याला पकडून पाडण्याचे (त्या पकडीलाही टॅकलच म्हणतात). दोघांना अडवून धरल्याचे नाहीत. जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस 341 पौंडांचा देह घेऊन 4.78 सेकंदांत धावला आणि 2022 मध्ये ईगल्सनी त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही सॅक नव्हता. पण ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचा घोटा दुखावला, प्रतिस्पर्धी मधून धावू लागले आणि ईगल्सना लिनव्हाल जोसेफ आणि एनडामुकाँग सू या पस्तिशीच्या घरातल्या दोन दिग्गजांना तातडीने करारबद्ध करावं लागलं. फॅन्टसीच्या तक्त्यात तो शून्य होता, संघाच्या लेखी दोन माणसांएवढा.

सॅक करणाऱ्या टॅकललाही वेळ लागतो. ख्रिस जोन्सने पहिल्या वर्षी दोन सॅक केले आणि तिसऱ्या वर्षी साडेपंधरा. क्विनन विल्यम्सने पहिल्या वर्षी अडीच, चौथ्या वर्षी बारा. म्हणून नवा टॅकल घ्यायचाच असेल तर त्याला तिसऱ्या-चौथ्या मोसमापर्यंत वेळ द्या. आणि शनिवारी कॉलेजचा सामना लावाल तेव्हा चेंडू सुटल्यावर पहिले दोन सेकंद चेंडूकडे पाहू नका. मध्यावरचा गडी समोरच्याच्या खांद्याखाली जातो की वर उभा राहतो, तेवढंच पाहा.