सर्व्हे नंबराची वाटचाल

अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचा नकाशा संगणकावर उघडला, की शेतांच्या हद्दी दिसतात. पण कोणत्या शेतात कपाशी आहे, कोणत्या विहिरीचं पाणी खारं आहे, हे त्या रेषा सांगत नाहीत. ती माहिती वेगळ्या तक्त्यात असते. तो तक्ता आणून नकाशाला जोडणं हे जीआयएसमधलं, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीतलं, रोजचं काम. त्यासाठी दोन्हीकडे एक सामाईक रकाना लागतो, आणि वऱ्हाडात तो बहुधा सर्व्हे नंबराचा असतो. हा नंबर संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

१८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातल्या इंदापूर तालुक्यात नवी जमीन मोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. १८५३ च्या तहानंतर निजामाचं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि १८६० च्या दशकात हीच मुंबई पद्धत इथे रुजली. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर.

मोजणीतून दोन गोष्टी निघाल्या. गावनकाशात शेताचा आकार आणि नंबर, तर आकारबंदात त्याच नंबरापुढे क्षेत्र आणि सारा. शेताची हद्द पिढ्यान्‌पिढ्या टिकते. खातेदार, पीक, बोजा मात्र बदलत राहतात. बदलणारं सगळं नोंदवहीत ठेवलं, की दर फेरफाराला नकाशा नव्याने काढावा लागत नाही. दोघांना बांधून ठेवतो तो नंबर. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालच्या नियमांनी गाव नमुना सात व बारा आजच्या रूपात आले, पण नंबराचं काम तेच राहिलं.

१९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी देशाच्या जमिनीची पाहणी संगणकावर आणली, तेव्हा त्यांच्या व्यवस्थेतही आकृत्या एकीकडे आणि वर्णन दुसरीकडे होतं. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी सामाईक किल्लीने, म्हणजे दोन्हीकडच्या सामाईक रकान्याने, तक्ते जोडण्याला गणिती पाया दिला. १९८२ च्या आर्क-इन्फो या जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये आर्क रेषा सांभाळायचा, इन्फो तक्ते. १९९० च्या दशकातल्या शेपफाइलने तक्त्यासाठी डीबेसची जुनी डीबीएफ फाइल घेतली. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून मराठी नाव तीन चिन्हांतच संपतं.

खरी कसोटी पोटहिस्स्यांची. वाटण्या झाल्या की सर्व्हे नंबर १२ चे १२/१, १२/२, १२/३ होतात. स्प्रेडशीट १२/३ ला तारीख समजते आणि शेताचा पत्ता पुसला जातो. म्हणून हा रकाना टंकण्याआधीच मजकूर म्हणून ठरवावा. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही आणताना शेजारी त्याच नावाची सीएसव्हीटी फाइल ठेवून प्रत्येक रकान्याचा प्रकार सांगता येतो. शिवाय बारा नंबर जवळजवळ प्रत्येक गावात असतो. जनगणनेचा सहा अंकी गावकोड आणि सर्व्हे नंबर एकत्र केल्याशिवाय किल्ली पुरी होत नाही. एकीकडे ‘१२/१अ’ आणि दुसरीकडे ‘१२/१ अ’ असेल, तर मधल्या एका मोकळ्या जागेनेही जोडणी तुटते.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात या जोडणीची किंमत कळते. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातल्या या गावांत विहिरीच्या पाण्याची तपासणी आणि मातीचा अहवाल शेताला जोडला गेला, तरच शेततळं कुठे हवं हे ठरवता येतं. जोडणी अपुरी राहिली तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. न जुळलेल्या शेतांपुढे रकाना रिकामा सोडतं. त्या ओळी गाळून पुढे जाणं म्हणजे तेवढे शेतकरी योजनेबाहेर ठेवणं. त्या एकेक करून तपासाव्यात आणि शंका आली तर मूळ आकारबंदाशी ताडून पाहाव्यात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी साखळी ओढणाऱ्यांनी प्रत्येक शेताला नंबर दिला होता. तो बिनचूक वाचणं हे आपलं काम आहे.