घरात कसला तरी वास येतोय

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

"घरात कसला तरी वास येतोय" हे वाक्य ज्या घरात एकदाही उच्चारले गेले नाही, असे घर शोधून सापडायचे नाही. एकाने ते म्हटले की घरातली सगळी माणसे हुंगू लागतात. आजी म्हणते, माळ्यावर उंदीर मेला असणार. सून म्हणते, मोरी तुंबली. मुलगा म्हणतो, आधी गॅस बघा. आणि एखादा तरी हमखास म्हणतो, "आपल्याकडचा नाहीच हा, शेजारच्यांकडून येतोय." गंमत अशी की गेल्या दोन-अडीचशे वर्षांत मोठमोठ्या शहरांनी, त्यांच्या डॉक्टरांनी आणि सरकारांनी दुर्गंधीचा माग काढताना हेच चार अंदाज केले. ते कुठे बरोबर आले, कुठे चुकले आणि चुकल्याची किंमत कोणी मोजली, याचा हा थोडासा इतिहास.

हवा नासली की रोग होतो, ही समजूत फार जुनी. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसपासून इब्न सीनापर्यंत थोरामोठ्यांनी ती मानली. 'मलेरिया' या शब्दाचा इटालियन भाषेतला अर्थच मुळी 'वाईट हवा'. आपल्याकडे धूप, लोबान, कडुलिंबाचा धूर यांनी घर शुद्ध करण्याची चाल होतीच. समजूत अगदी खुळचट म्हणता येणार नाही. जिथे घाण तिथे रोगराई, हे डोळ्यांना दिसत होते. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ही समजूत शासनाचे धोरण बनली. एडविन चॅडविक या बड्या सुधारकाने १८४६ मध्ये संसदेच्या समितीपुढे दुर्गंध म्हणजेच रोग, असे ठासून सांगितले. मग लंडनची गटारे जोरात धुतली गेली आणि सगळी घाण थेट टेम्स नदीत गेली. पिण्याचे पाणीही त्याच नदीचे!

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. नाकावर विसंबणारे म्हणाले, वस्ती घाण, हवा घाण. जॉन स्नो नावाचा डॉक्टर मात्र घरोघर जाऊन एकच विचारत होता, पाणी कुठले पिता? त्याला एका बाईंची गोष्ट कळली. त्या राहायच्या दूर हॅम्पस्टेडला. पण ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी त्यांना आवडायचे म्हणून रोज मागवून घ्यायच्या. पटकीने त्या गेल्या. वस्तीचा वास त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, पाणी पोचले होते. स्नोच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे तपासात दिसले, की जवळच्याच घराचा शौचखड्डा विहिरीत पाझरत होता.

तरीही स्नोचे म्हणणे फारसे कोणाला पटले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स इतकी नासली, की नदीकाठच्या पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. वास खुद्द खासदारांच्या नाकात शिरला तेव्हा वर्षानुवर्षे रखडलेले काम काही दिवसांत मंजूर झाले. त्याच जून महिन्यात स्नो वारला. जोसेफ बझलगेट या अभियंत्याने भुयारी गटारांचे प्रचंड जाळे बांधले आणि लंडनची पटकी आटोक्यात आली. म्हणजे कारण चुकले, काम बरोबर झाले. इतिहासात असे कधी कधी होते.

पण दरवेळी होत नाही. आता आपल्या मुंबईत येऊ.

सप्टेंबर १८९६. मांडवी भाग. गोदीला लागून धान्याच्या वखारी, त्यांच्यावर आणि आजूबाजूला दाटीवाटीने राहणारी माणसे. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगश यांनी तिथल्या रुग्णांमध्ये प्लेग ओळखला. वस्तीत उंदीर मरून पडत होते. पण अधिकाऱ्यांचे नाक वळले ते गटारांकडे. रोग घाणीत, ओलीत आणि कोंदट हवेत आहे, असे ठरले. कार्बोलिक ॲसिड मिसळलेले समुद्राचे पाणी गटारांतून सोडण्यात आले. भिंतींना चुना फासला. कौले उतरवून घरांत ऊन घातले. गरिबांच्या कांबळी-गोधड्या जाळल्या. राहण्यास अयोग्य म्हणून दारांवर इंग्रजीतली 'यू.एच.एच.' ही अक्षरे रंगवली.

गटारांत पाणी शिरल्यावर उंदीर बिळे सोडून वर घरांत आले असतील, तर नवल नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडलेला होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले, की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षे लागली. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्रयोगांनंतर ही गोष्ट सर्वमान्य झाली.

खरे तर उंदराचा सुगावा आपल्याकडे किती जुना! जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात आग्र्याच्या साथीची, १६१९ च्या सुमाराची, एक हकीकत आहे. आसफखानाच्या मुलीने ती त्याला सांगितली. अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-धडपडत फिरत होता. तो मांजरापुढे टाकला. मांजर आजारी पडले आणि मग घरातली माणसे एकेक करून आजारी पडू लागली. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरी गावांत उंदीर मरू लागले की लोक घर सोडून रानात जाऊन राहत. शास्त्र सिद्ध व्हायच्या आधी अनुभवाने हे सांगून ठेवले होते. 'माळ्यावर उंदीर मेला असणार' म्हणणारी आजी त्याच परंपरेतली.

पण त्या काळी आजीला विचारतो कोण? वास कुठून येतो, या प्रश्नाचे रूपांतर वास कोणाचा, या प्रश्नात झाले होते. उत्तरही तयार होते. चाळीतल्या गिरणी कामगाराचा, कातडी कमावणाऱ्याचा, विणकराचा. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांनी तपासणीच्या पथकाला अडवले, दंगल पेटली, गोळीबार झाला. रोगाशी लढाई चालली होती. पण आपल्याच घरात आपण गुन्हेगार ठरलो, असे लोकांना वाटत होते. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी वास कोणाचा, हे विचारले नाही. आजारी कोण आहे, एवढेच पाहिले.

मोरीचा इतिहास जरा सुखाचा आहे. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाच्या नळीला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा बाक देण्याचे पेटंट घेतले. त्या बाकात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातली हवा घरात येऊ देत नाही. आज आपल्या न्हाणीघरात प्लंबर ज्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतो, तो याच कल्पनेचा वंशज. आपल्या आणि शहराच्या गटाराच्या मध्ये असते ती एवढीच, दोनेक इंच पाण्याची भिंत. सुट्टीला गावी जाऊन आल्यावर घराला वास मारतो, तो बहुधा हे पाणी सुकल्यामुळे. उपाय तांब्या-दोन तांबे पाण्याचा!

आणि गॅस? स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सासमध्ये, न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे तीनशे जण मेले, त्यांत बहुतेक मुले. वायूला वास नव्हता म्हणून कोणाला कळलेच नाही. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरमध्ये असतो तो मरकॅप्टन. तो वास आला की दिवा लावू नये की विझवू नये, खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा. काही दुर्गंध आपल्या जीवरक्षणासाठी नेमलेले पहारेकरी असतात.

पण नाक हा पहारेकरी लवकर थकतो. चार मिनिटांत सरावतो. म्हणून वास शोधताना थोडा वेळ बाहेर जाऊन यावे, पुन्हा हुंगावे. नाकात सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ मध्ये नोबेल मिळाले. हे ग्राहक मेंदूला फक्त एवढेच कळवतात, की काहीतरी आहे. त्याला नाव देतो तो मेंदू, आणि मेंदूजवळ आधीच बरेच पूर्वग्रह साठवलेले असतात. घर भाड्याने मागायला गेल्यावर माझे नाव ऐकून "तुमच्यात स्वयंपाकाचा वास फार येतो" असे मला सांगण्यात आले आहे. चूल अजून पेटलीही नव्हती! एकाच्या घरातला खमंग दरवळ दुसऱ्याला दर्प वाटतो, हे समजू शकते. मात्र न आलेला वासही ज्याला येतो, त्याचे नाक नव्हे, मन तपासायला हवे.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या घरातला वास आपण बाहेर घालवतो म्हणजे कुठे घालवतो? जुन्या मुंबईत इमारतींच्या मागे घरगल्ल्या ठेवल्या, त्या सफाई करणाऱ्या माणसाने आपल्या दारातून जाऊ नये म्हणून. आज घाण भुयारातून जाते. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले, की तो नाक बधिर करतो. वास येईनासा होतो. खाली उतरलेल्या माणसाला वाटते, हवा निवळली. आणि त्याच क्षणी मरण सर्वांत जवळ आलेले असते. १९९३ आणि २०१३ मध्ये हाताने मैला साफ करण्याविरुद्ध कायदे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मृत्यू मात्र थांबले नाहीत.

तेव्हा घरात वास आला की माळा बघा, मोरीत पाणी ओता, गॅस तपासा. शेजाऱ्याचे नाव शेवटी घ्या. नाहीच घेतले तरी चालेल. आणि मोरी स्वच्छ झाल्यावर क्षणभर आठवा, की तिच्या दुसऱ्या टोकाला कोणालाही यंत्राशिवाय उतरावे लागू नये, ही जबाबदारीही आपल्याच घरातून सुरू होते.