जुन्या फोटोंची वेबसाइट आणि कीवर्डचा प्रश्न

जुन्या छायाचित्रांची वेबसाइट काढायची, हे संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. गावच्या यात्रेचे फोटो, गिरणगावातले फोटो, कुणाच्या आजोबांच्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह. स्कॅनर मिळतो, डोमेनही मिळतं, आणि मग गाडी अडते ती कीवर्डपाशी. या फोटोला कुठले शब्द दिले म्हणजे तो लोकांना सापडेल? हा प्रश्न बहुतेक जण कॉम्प्युटरवाल्या मित्राला विचारतात. मला विचाराल तर तो आधी इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा.

तांत्रिक भाग थोडक्यात उरकू. 1990च्या दशकात पानाच्या कोडमध्ये कीवर्डची एक लपलेली यादी ठेवायची पद्धत होती. शोधयंत्रं ती वाचत, म्हणून लोक तिच्यात वाट्टेल ते कोंबायला लागले. शेवटी सप्टेंबर 2009मध्ये गूगलने जाहीरच केलं की क्रम ठरवताना आपण ही यादी विचारात घेत नाही. तेव्हा आज कीवर्ड म्हणजे फोटोचं शीर्षक, त्याखालची ओळ, आसपासचा मजकूर आणि तुमच्या साइटच्या स्वतःच्या सर्चमागची नोंद. म्हणजे गोष्ट फिरून जुन्या कॅटलॉगवरच आली, आणि कॅटलॉगला इतिहास आहे.

त्यातलं एक प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. महामंदीच्या काळात, 1935पासून, अमेरिकी सरकारच्या एका खात्याने रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली छायाचित्रकार ठेवले आणि त्यांना देशभर ग्रामीण दैन्याचे फोटो काढायला पाठवलं. हे खातं पुढे फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन म्हणून ओळखलं गेलं. जमलेल्या निगेटिव्ह दीड लाखाच्या वर गेल्या. 1942मध्ये हा ढीग लावण्यासाठी पॉल व्हँडरबिल्ट यांना आणण्यात आलं. एका कागदी फोटोला एकच कप्पा मिळणार, ही त्यांची अडचण. त्यांनी काय केलं बघा. आधी अमेरिकेच्या भौगोलिक विभागांप्रमाणे आणि त्यात जमीन, घरं, काम, वाहतूक अशा विषयांप्रमाणे फोटो वाटले. पण वाटण्याआधी, छायाचित्रकाराने एका कामगिरीवर काढलेले फोटो एकत्र ठेवून त्यांची मायक्रोफिल्म करून घेतली. विषयाने शोधणाऱ्याला कप्पा मिळाला आणि ‘हा फोटो कुठल्या फोटोंच्या सोबतीने काढला होता’ असं विचारणाऱ्याला मायक्रोफिल्म. माझ्या मते संशोधकांच्या दृष्टीने व्हँडरबिल्ट यांचं हे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं आहे. एकट्या फोटोवर किती विश्वास ठेवायचा, हे शेजारचा फोटो सांगतो.

याच संग्रहात डोरोथिया लँग यांचा 1936मधला तो फोटो आहे. कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे तंबूत बसलेली आई, खांद्यांवर तोंडं लपवलेली मुलं. जग त्याला ‘मायग्रंट मदर’ म्हणून ओळखतं. आता मूळ ओळ बघा. तिच्यात मटार तोडणारे निर्धन मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस आणि ठिकाण एवढंच आहे. ‘मायग्रंट मदर’ हे शब्द त्यात नाहीतच, ते फोटो गाजल्यावर त्याला चिकटले. बाईंचं नावही नाही, कारण ते लँग यांनी विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांपुढे आलं 1978मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. आणि त्यानंतर कळलं की त्या चेरोकी या मूळनिवासी समाजातल्या होत्या.

इथे जरा थांबा. या बेचाळीस वर्षांत विसाव्या शतकातल्या मूळनिवासी स्त्रियांच्या जगण्यावर कुणी अभ्यास करत असेल, तर देशातला सर्वांत प्रसिद्ध फोटो त्याच्या शोधात येणं शक्य नव्हतं. फोटो उघड्यावर होता, मासिकांत आणि पुस्तकांत छापला जात होता. फक्त तो शब्द त्याच्यावर नव्हता. ‘मजूर’ होता, ‘आई’ होता, ‘दारिद्र्य’ होता. सरकारला जे दाखवायचं होतं तेवढेच शब्द लागले. आणि कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे ‘मटार तोडणारे’ हा शब्दही धड बसत नाही. गाडी बिघडली म्हणून ते त्या तळावर अडकले होते.

आता आपल्याकडे या. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 साली मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि पाठीमागचं दृश्य दुसऱ्याच फोटोतलं, अशी जोडकामं आहेत. तुम्ही मागची इमारत ओळखलीत आणि उत्साहाने ठिकाणाचा कीवर्ड टाकलात, तर ती माणसं तिथे उभी होती असा खोटा पुरावा तुम्ही तयार केलात. पुढचा कुणीतरी तो आपल्या प्रबंधात वापरणार. म्हणून ‘चित्रात काय दिसतं’ आणि ‘फोटो कुठे काढला’ हे एका रकान्यात घालू नका.

1857नंतर सरकारी पुढाकाराने निघालेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा संग्रह (1868 ते 1875) त्याहून अवघड. तिथे बहुसंख्य माणसांना नावच नाही. जातीचं किंवा जमातीचं लेबल आहे, आणि सोबतच्या मजकुरात ही मंडळी स्वभावाने कशी, सरकारशी कितपत इमानी, याबद्दलचे शेरे. 1871मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, तो 1952मध्ये गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. पण जुन्या ओळींतले शब्द काही विमुक्त झाले नाहीत. असा फोटो तुमच्या साइटवर आला तर त्या शब्दाचं काय करायचं?

गाळला, तर त्या काळच्या सरकारी नजरेचा अभ्यास करणाऱ्याला फोटो सापडणार नाही. कीवर्ड म्हणून ठेवला, तर त्या समाजातल्या मुलीने आपल्या आडनावाने शोध घेतला की तुमची साइट तिला तीच शिवी परत ऐकवणार. माझं मत स्पष्ट आहे. मूळ ओळ जशीच्या तशी, पण ‘मूळ ओळ’ असं लिहून वेगळ्या रकान्यात, कुणी आणि कधी लिहिली त्यासकट. विषयाच्या कीवर्डात मात्र तो समाज स्वतःला आज जे म्हणवतो ते. हे दुप्पट काम आहे, मान्य. व्हँडरबिल्ट यांनीही ते दुप्पटच केलं होतं.

गावांच्या नावांचं दुखणं वेगळंच. इंग्रजांच्या कागदांत पुण्याला ‘पूना’, वसईला ‘बसीन’, घारापुरीला ‘एलिफंटा’. साष्टी म्हणजे ‘साल्सेट’. त्यात ‘बसीन’ची गंमत अशी, की याच नावाचं एक शहर ब्रह्मदेशातही होतं, आजचं पाथेन. नुसता ‘बसीन’ टाकून शोधलंत तर अर्धे फोटो इरावतीच्या मुखाकडचे निघायचे. परदेशी संग्रहात शोधताना जुनं स्पेलिंग वापरायचं हे तुम्ही पटकन शिकता. स्वतःच्या साइटवर मात्र आपण फक्त आजचं नाव घालतो, आणि जुन्या कागदावरून माग काढत आलेला माणूस दारातूनच परत जातो. दोन्ही घाला, तालुका-जिल्ह्यासह.

नेमका शब्द की सगळ्यांना सुचणारा शब्द, हाही जुना तंटा. लुइस फॉन आन या संशोधकाने एक खेळ काढला होता. दोन अनोळखी माणसांना एकच चित्र दाखवायचं आणि दोघांनी एकमेकांना न विचारता तोच शब्द लिहिला तर गुण. 2006मध्ये गूगलने तो स्वतःच्या चित्रांसाठी वापरायला घेतला. अडचण उघड आहे. अनोळखी माणसाशी शब्द जुळवायचा तर तुम्ही ‘बाई’ लिहाल, ‘झाड’ लिहाल. ‘कोळीण’ किंवा ‘उंबर’ लिहायची जोखीम कोण घेईल? म्हणून त्या खेळात आधी जुळलेले शब्द पुढच्यांना वापरायची बंदी असे. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. एका फोटोवर मित्राने जे लिहिलं ते झाकून पुढच्याने वेगळे शब्द लिहायचे. पहिला ‘बाई, दगड, धान्य’ लिहील, दुसऱ्याकडून ‘जातं, दळण’ येईल, आणि तिसरी जर आजी असेल तर ‘खुंटा’ आणि ‘वैरण’ही येईल. हे सगळे ठेवा. रोमन लिपीत टाइप करणारेही खूप, तेव्हा ‘दळण’ची दोन-तीन रोमन रूपं नोंदीत असू द्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करून शोधणाऱ्यांनाही फोटो मिळाला पाहिजे, तिथे शुद्धलेखनाची परीक्षा घेऊ नका.

सुरुवात वीस फोटोंनी करा, दोनशेंनी नको. पाकिटावर, फोटोच्या पाठीवर, अल्बमच्या पानावर जे लिहिलंय ते आधी उतरवा आणि पाठीचाही स्कॅन घ्या. फोटो कुठल्या क्रमाने ठेवले होते तो क्रमांक लिहा. प्रत्येक कीवर्डपुढे तो घालणाऱ्याचं नाव आणि तारीख असावी, आणि एखादं ठिकाण नुसतं अंदाजाने लिहिलं असेल तर त्यापुढे सरळ प्रश्नचिन्ह टाका. फोटोतल्या माणसाचं नाव घरात कुणाला माहीत असेल, तर ते याच महिन्यात जाऊन विचारा.