पुण्यांतील वास्तुशैली : एका पायीं फेरीच्या निमित्तानें

पुणें शहराच्या जुन्या पेठांतून इतिहासप्रेमी मंडळींस पायीं हिंडवून तेथील वाडे व देवळें दाखविण्याचा प्रघात अलीकडे चांगलाच रूढ झाला आहे. ही गोष्ट आम्हांस स्तुत्य वाटते. शहराचीं दप्तरें वाचण्यांत ज्यांचीं आयुष्यें गेलीं त्यांपैकीं कितीकांनीं त्याच शहराच्या भिंती निरखून पाहिल्या असतील, हा प्रश्नच आहे. अशा एका फेरींत आम्ही सामील झालों होतों. मार्गदर्शक गृहस्थ बहुश्रुत, आवाज खणखणीत, चालण्याचा वेग मात्र वयस्कर मंडळींस न झेपणारा. त्यांच्या माहितींत उणें काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु शनिवारवाड्यापासून सोमवार पेठेपर्यंत जें जें नक्षीदार दिसेल त्यास ‘पेशवाई शैली’ हें एकच नांव दिलेलें ऐकून, या शब्दाची एकदां कालदृष्टीनें तपासणी व्हावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम शनिवारवाडाच घेऊं. थोरल्या बाजीरावांनीं या वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० (शके १६५१) रोजीं घातला, वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली व खर्च १६,११० रुपये आला, हे आंकडे दिल्ली दरवाजासमोर उभें राहून सांगितले जातात. ऐकणारा साहजिकच समोरच्या तटाबुरुजांस ते लावतो. वस्तुतः तट, बुरुज व दरवाजे हें काम मागाहूनचें. आणि ज्या लांकडी इमारतींस त्या तारखा लागू पडतात त्या २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत गेल्या. तेव्हां तारीख एका वास्तूची आणि डोळ्यांपुढें दुसरीच, असा हा प्रकार आहे. तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा कां, याविषयीं शाहू महाराजांच्या नाराजीची एक गोष्ट सर्वतोमुखीं आहे. तीस समकालीन कागदाचा आधार कोणी दाखवीपर्यंत ती गोष्ट म्हणूनच सांगावी, हें बरें. अभ्यासूनें खरी नजर द्यावी ती आंतील जोत्यांकडे. लांकूड जळालें तरी जोतें राहतें, आणि जोत्यावरून चौकांची मांडणी, ओसऱ्यांची रुंदी व पायऱ्यांच्या दिशा कळतात. मंडळी मात्र कारंज्याकडे वळतात.

शुक्रवार, बुधवार, शनिवार या पेठांतून जातांना ज्या खांबांची वाखाणणी होते ते बहुधा सुरूच्या आकाराचे खांब होत : खालीं पानांची बैठक, मध्यें फुगीर व वर निमुळता होत जाणारा सागवानी सोट, माथ्याशीं केळफुलाचें लोंबतें काम, आणि दोन खांबांमध्यें पाकळ्यांची महिरप. हा नमुना कांहीं पुण्यांत जन्मला नाहीं. शाहजहानच्या काळच्या इमारतींत तो संगमरवरांत व लाल दगडांत दिसतो. मराठ्यांची ये-जा माळव्यांत व दिल्लीकडे वाढली, तसा तो इकडे आला व दगडाऐवजीं लांकडांत उतरला. त्यास आपलेपण आलें तें घडणीमुळें. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई व तिजवर कडीपाट, ही सुतारी परंपरा येथलीच आहे.

दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेला विश्रामबागवाडा १८०७ सालीं पुरा झाला, म्हणजे पेशवाई संपण्यापूर्वीं अवघीं अकरा वर्षें. खर्च दोन लक्ष रुपये. १८२१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा निघाली. १३ मे १८७९ रोजीं बुधवारवाडा व विश्रामबाग या दोहोंस आगी लागल्या. त्यांत बुधवारवाडा नाहींसा झाला व विश्रामबागेचा बराच भाग जाऊन पुढें दुरुस्ती झाली. म्हणून १८०७ चें काम कोणतें व १८७९ नंतरचें कोणतें, हें तेथें प्रत्येक खांबास वेगळें विचारलें पाहिजे.

खाजगी वाड्यांविषयीं तर अधिकच सावध असावें. पुण्यांतील पुष्कळ वाडे १८१८ नंतर बांधले किंवा पुन्हां उभारले गेले. राज्य गेलें तरी सुतारांचा हात तोच राहिला. त्यामुळें इंग्रजी अमदानींतील सावकाराचें घरही ‘पेशवाई’ दिसतें. अशा वेळीं कांहीं खुणा उपयोगीं पडतात. बिडाचे ओतीव कठडे दिसले कीं एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध मनांत आणावा. मंगळुरी कौलें असतील तर तें छप्पर १८६५ पूर्वींचें खास नव्हे, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या सालचा आहे. अर्थात् छप्पर बदललें म्हणून खालचें घरही नवें, असा उलटा तर्क करूं नये.

मंडईशीं फार रेंगाळण्याचें कारण नाहीं. १८८६ सालीं पुरी झालेली, मध्यें अष्टकोनी मनोरा असलेली ही इमारत उघडच विलायती गॉथिक वळणाची आहे. जिच्या खर्चास जोतीराव फुले यांनीं नगरपालिकेंत विरोध केला तिलाच पुढें रे साहेबांचें नांव जाऊन त्यांचें नांव मिळालें, हा योग मात्र मौजेचा.

सोमवार पेठेंतील त्रिशुंड गणपतीच्या देवळापाशीं आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलों. भीमगिरजी गोसावी यांनीं २६ ऑगस्ट १७५४ रोजीं आरंभ केलेलें हें काम १७७० सालीं संपलें. म्हणजे काळ ऐन पेशवाईचा; पण पेशवाई म्हणून जें दाखवितात त्यांतलें येथें कांहींच नाहीं. सारी दर्शनी बाजू काळ्या दगडाची व शिल्पांनीं भरलेली. दारावर गजलक्ष्मी, पश्चिमेच्या भिंतींत दक्षिणेकडे विशेष आढळणारी लिंगोद्भवाची मूर्ति, तळघरांत गोसाव्याची समाधि, गाभाऱ्यांत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपति, आणि शिलालेख तीन : दोन संस्कृत व एक फारसी. ‘गिरि’ हें दशनाम्यांपैकीं एक नांव होय. हिंदुस्थानभर फिरणाऱ्या, व्यापार व सावकारी करणाऱ्या या गोसाव्यांनीं आपल्याबरोबर नाना प्रांतींच्या कल्पना आणल्या, त्या येथें एका भिंतींत बसल्या आहेत. ‘पेशवाई शैली’ या शब्दांत हें देऊळ बसत नसेल तर दोष शब्दाचा मानावा.

दर्शनी बाजूवर युरोपीय वेषांतील शिपाई गेंड्यास सांखळीनें बांधीत आहेत असें शिल्प आहे. गेंडा म्हणजे बंगाल-आसाम व हें चित्र प्लासीच्या लढाईचें, असा अर्थ सांगितला जातो. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे बांधकाम चालू असतांनाची. तेव्हां काळाची अडचण येत नाहीं. गेंडाही पुण्याच्या आसपासचा प्राणी नव्हे. परंतु काळ जुळणें हा पुरावा नव्हे. आमच्या मतें हा अर्थ संभवनीय आहे, सिद्ध नाहीं. आणि पर्यटकांस तो सिद्ध म्हणून सांगितला जाऊं नये.

आतां संग्राहक मित्रांकडे एक मागणें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून आलेल्या पुरांत नदीकांठच्या पेठांतील कितीतरी घरें गेलीं. त्यानंतर उरलेले वाडे पाडून इमले उठविण्याचें काम चालूच आहे. वाडा पडतो तेव्हां खांब एकाकडे, दरवाजा दुसऱ्याकडे व माळ्यावरचें दप्तर तिसऱ्याकडे जातें. खांब दिवाणखान्यांत शोभतो, पण त्याची पेठ, चौक व मजला विसरला गेला कीं त्याच्यावरून कांहींही ठरवितां येत नाहीं. जुनीं खरेदीखतें घर किती खणांचें हें सांगतात, चतुःसीमा देतात व कित्येकदां मजलेही नोंदतात. खण म्हणजे दोन खांबांमधील जागा. ती जोत्यावर आजही मोजतां येते. खतांतील खण व जोत्यावरील खण जुळले तर त्या घराची मांडणी खतापासून आजवर तीच आहे असें मानण्यास चांगलें कारण मिळतें. न जुळले तर मध्यें कोणी भर घातली हें शोधतां येतें. तेव्हां ज्यांच्या संग्रहीं नारायण, शनिवार, सदाशिव व कसबा या पेठांतील घरांचीं खतें असतील त्यांनीं त्यांतील साल, खणांची संख्या व चतुःसीमा एवढेंच उतरून पाठवावें. आणि जे खांब-दरवाजे विकत घेतात त्यांनीं वस्तु कोणत्या पेठेंतून, कोणत्या चौकांतून आली हें तिच्या मागील बाजूस शाईनें लिहून ठेवावें.